हिरव्या रेघेच्या वर

बालवाडीच्या घसरगुंडीला मधोमध भोक पडलं होतं. त्यात अडकून कुणाची तरी चड्डी फाटल्यापासून मोठ्या बाईंनी ती दोरीने बांधून ठेवली होती. मुलं रोज त्या दोरीपाशी जाऊन उभी राहायची. रोज कुणीतरी विचारायचं, "ताई, आज झाली का दुरुस्त?" आणि ताई रोज सांगायची, "उद्या बघू." उद्या म्हणजे नेमकं काय हे त्या वयात कळत नाही, तेवढं एक बरं होतं.

बालवाडी दोन खोल्यांची, एका इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याला लागून. मोठ्या बाईंनी ती उभी केली तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि आवाज चौकापर्यंत जायचा. आता त्या दारातल्या खुर्चीत बसून हजेरी घ्यायच्या आणि बाकीचा गाडा ताई ओढायची. नाकं पुसणं, भांडणं सोडवणं, ओल्या चड्ड्या बदलणं, गाणी म्हणून म्हणून घसा बसवून घेणं, आणि दुपारी फाटकाशी उभं राहून ज्याचं मूल त्याच्या हातात देणं. या शेवटच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मूल सोपवता सोपवता ती एखादंच वाक्य बोलायची, पण नेमकं. "आज डबा तसाच आहे, मागची दाढ येतेय वाटतं, बघा." "आज पहिल्यांदा कात्री नीट धरली." एवढंसं वाक्य बायका जपून घरी न्यायच्या. 'ताई म्हणाल्या' म्हटलं की घरातली सासूसुद्धा पुढे बोलायची नाही.

ताईचं स्वतःचं घर असं नव्हतं. लग्न झालं होतं, मूल झालं नाही, आणि त्या घरात तेवढं कारण पुरलं. तेव्हापासून ती भावाकडे राहायची. दादा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. वहिनी तयार कपड्यांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची. त्यांची मुलगी पिटू याच बालवाडीत यायची. खरं नाव दुसरं होतं, पण जन्मली तेव्हा इतकी पिटुकली होती की दादाने तिथल्या तिथे तिचं पिटू करून टाकलं. फाटकाच्या आत ताई आणि फाटकाच्या बाहेर आत्या, हे पिटूला पक्कं पढवलेलं होतं. तरी कधी वाळूच्या खड्ड्यातून "आत्या" अशी हाक यायची आणि मग दिवसभर सगळी मुलं ताईला आत्या म्हणत सुटायची.

त्या घरात उंची कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. दादा म्हणायचा, "लिफ्टच्या खड्ड्यात मी उभा राहून काम करतो, उंच माणसाचं तिथे कंबरडं मोडलं असतं. देवाने माप घेऊनच पाठवलंय मला." वहिनी मात्र यावर हसायची नाही. दुकानात तिच्यासाठी काउंटरमागे लाकडी खोकं ठेवलेलं होतं. ती त्यावर उभी असतानाही एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "बसून काय दाखवताय, जरा उभ्या राहा ना." ती हसून घ्यायची, माल दाखवायची, आणि घरी येऊन भांडी जोरात घासायची.

अशात एक दिवस कंपनीची बाई बालवाडीत आली. मुलांच्या दुधात घालायची पावडर बनवणारी कंपनी होती. त्या बाईच्या हातात रंगीत पिशवी होती आणि बोलणं गोड होतं. पण नुसतं तोंडदेखलं गोड नव्हतं. मुलांच्या इवल्याशा खुर्चीत ती बिनदिक्कत बसली, गुडघे हनुवटीला टेकवून. एका मुलाचं नाक वाहत होतं, ते तिने बोलता बोलता स्वतःच्या रुमालाने पुसलं. ताईला ती तिथेच आवडली.

"आम्ही इथे काही विकायला आलो नाही," ती म्हणाली. "घसरगुंडी नवी बसवून देतो. खाली मऊ चटया घालतो. भिंती रंगवून देतो. तुम्ही फक्त मधूनमधून मुलांची उंची मोजू द्या. आणि पालकांना एक छोटी पिशवी."

"पिशवीत काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नमुन्याची पुडी, आणि मुलाच्या वाढीबद्दलचं कार्ड."

मोठ्या बाईंनी ताईकडे पाहिलं. ताईचं लक्ष मागच्या अंगणात होतं. दोन मुली दोरीला लोंबकळत होत्या. ती म्हणाली, "घ्या ना बाई. मोजलं म्हणून मुलं काही झिजणार नाहीत."

आठवडा उलटायच्या आत घसरगुंडी आली. लाल, गुळगुळीत, वर छोटं छप्पर असलेली. मुलं वेडी झाली. ताईच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने धुळीवर ढकललं. मग रंगारी आला आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर त्याने जिराफ काढला. जमिनीपासून थेट छताला टेकणारा, लांब पापण्यांचा, हसरा. त्याच्या मानेवर त्याने आडवी हिरवी रेघ मारली. रेघेच्या वरची मान हिरवी, खालची नारिंगी.

"ही रेघ इथेच का?" ताईने विचारलं.

"मोठ्या मुलांची आहे ही. छोट्यांची खाली मारायचीय, वयाप्रमाणे. माप कंपनीने दिलंय, मी आपला ब्रश फिरवतो," रंगारी म्हणाला आणि पापण्या रंगवायला लागला.

मोजायच्या दिवशी कंपनीची बाई कागदाचे मुकुट घेऊन आली. ज्याचं डोकं रेघेच्या वर, त्याला हिरवा मुकुट. ज्याचं खाली, त्याच्या छातीवर नारिंगी टिकली, त्यावर लिहिलेलं: मी वाढणार आहे. पिटूला टिकली मिळाली. ती खूष झाली, कारण टिकली चिकटायची आणि मुकुट सारखे पडत होते. डबा खाईपर्यंत ती मिरवत होती. मग एक मुकुटवाली मुलगी तिला म्हणाली, "तू खालची आहेस. खालच्यांनी तिकडे बसायचं." कुणी शिकवलेलं नव्हतं. वाळूच्या खड्ड्यात दुपारपर्यंत वरचे आणि खालचे असे दोन संघ झाले, आणि खालच्यांना घसरगुंडीवर पाळी मिळेना. ताईने मुकुट गोळा केले, दम दिला, सगळ्यांना गोल बसवून गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर मुलं उठली ती पुन्हा आपापल्या संघात गेली.

फाटकाशी कंपनीची बाई तिच्या शेजारी उभी राहिली. "पिशवी तुमच्या हातूनच द्या हं," ती हळूच म्हणाली. "मी दिली तर जाहिरात वाटते. आणि फार काही बोलू नका. नारिंगीवाल्यांना एवढंच सांगा, काळजीचं काही नाही, फक्त लक्ष ठेवा."

ताईने पहिल्या आईला तसंच सांगितलं. आईचा चेहरा उतरला. काळजी हा शब्द कानावर पडला की त्याच्या मागचं-पुढचं काही ऐकू येत नाही, हे ताईला त्या चेहऱ्याकडे बघून कळलं. पण मागे रांग होती, मुलं कंटाळली होती, आणि दुसरं वाक्य तिला सुचलं नाही. तिने तेच वाक्य पुढच्या आईला दिलं, आणि तिच्या पुढच्या.

घरी वहिनीने पिटूचा सदरा काढताना टिकली पाहिली. मग पिशवीतलं कार्ड पाहिलं. त्यावर नारिंगी जिराफ होता, मान खाली घातलेला.

"वन्सं, हे काय?"

वहिनी लाडात आली की ताईला वन्सं म्हणायची आणि चिडली तरी वन्संच म्हणायची. सूर तेवढा बदलायचा. आत्ताचा सूर दोन्हींतला नव्हता.

"काही नाही गं वहिनी. कंपनीवाल्यांनी मुलांना मोजलं. त्यांची पावडर खपावी म्हणून सगळं. मनावर घेऊ नकोस."

"इथे लिहिलंय, तुमच्या मुलाची वाढ अपेक्षेपेक्षा कमी."

"कुणाच्या अपेक्षेपेक्षा?" दादा आतून म्हणाला. "माझ्या तरी नाही. मी आहे एवढा, तू आहेस एवढीशी. आपल्या पोटी काय ताडाचं झाड येणार होतं?"

"तुम्हाला सगळ्याची थट्टा सुचते," वहिनी म्हणाली. "तुम्ही खड्ड्यात काम करता, तुम्हाला कोण बघतंय. मी खोक्यावर उभी राहते रोज." आणि तिने नमुन्याची पुडी दुधात घालून ढवळली. पिटूने ते दूध एका दमात संपवलं. गोड होतं, का नाही संपवणार?

त्यानंतर घरात पावडरचा मोठा डबा आला. सकाळी एक पेला, दुपारी एक, झोपताना एक. पिटूचं पोट त्यानेच भरायचं. ताटापुढे बसली की दोन घास चिवडायची आणि म्हणायची, "माझं पोट हसतंय, आता नको." आधी हीच पोर दादाच्या ताटातली भाजी पळवायची. ताईने एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं. शेवटी ती वहिनीला आणि पिटूला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पिटूला तपासलं, तिच्या आईकडे पाहिलं, आणि हसून म्हणाले, "पोरगी ठणठणीत आहे. आईवडिलांवर गेलीय, दुसरं काय. नीट जेवू द्या, हुंदडू द्या."

ताईचा जीव भांड्यात पडला. बाहेर येताना वहिनी मात्र वाटेतच थांबली. पट्ट्या बांधायच्या खोलीच्या दाराला जिराफ चिकटवलेला होता. तोच, लांब पापण्यांचा. खाली कंपनीचं नाव होतं.

"डॉक्टरांच्याच दारावर आहे की," वहिनी म्हणाली. "तोंडावर सांगत नाहीत इतकंच. आपण घाबरू म्हणून."

ताईने खूप समजावलं. वहिनी ऐकत होती, मान डोलवत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेला भरलेला होता.

एकटी वहिनीच अशी असती तर गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण बालवाडीत नारिंगी टिकलीवाल्यांचे डबे भरलेले परत जायला लागले. मुलं मधल्या सुट्टीत बाटलीतून गोड दूध प्यायची आणि दुपारी पेंगायची. काही आया फाटकाशी येऊन विचारायच्या, "ताई, पुन्हा कधी मोजणार?" हिरव्या मुकुटवाल्यांच्या आयाही पावडर घ्यायला लागल्या, आता मूल खाली घसरू नये म्हणून. ताईने हे मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्या घसरगुंडीकडे बघत राहिल्या.

"परत कशी करू?" त्या म्हणाल्या. "उखडून न्या म्हणू? आता तर भिंतसुद्धा त्यांची आहे."

पुढे कंपनीने पालकांची सभा ठेवली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आया मुलांच्या बाकांवर बसल्या होत्या. कंपनीची बाई सुरेख बोलली. ओरडली नाही, भीती घातली नाही. म्हणाली, मूल वाढायची वर्षं एकदाच येतात, मागाहून हळहळून उपयोग नसतो. पुढच्या ओळीतल्या एका बाईने डोळे पुसले. मग कंपनीची बाई म्हणाली, "आता तुमच्या ताई दोन शब्द सांगतील. मुलांना त्यांच्याइतकं कोण ओळखतं?"

काय बोलायचं ते आदल्या दिवशी ठरलं होतं. ताई उभी राहिली, आणि ठरलेलं बोललीच नाही.

"ही रेघ डॉक्टरांनी काढलेली नाही," ती म्हणाली. "कंपनीने काढलीय. कुणाला विचारून, ते मला माहीत नाही. मी रोज ही मुलं बघते. सगळी धावतात, भांडतात, वाढतात. कुणी भरभर, कुणी सावकाश. त्यांना जेवू द्या. आता ती जेवत नाहीत, हे मला जास्त खुपतंय. मीच तुमच्या हातात पिशव्या दिल्या, म्हणून मीच सांगतेय. ही पावडर लागत नाही."

कंपनीच्या बाईच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही. एका कोपऱ्यातून एक वडील म्हणाले, "म्हणजे आम्हाला परवडत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नाही हो—"

"मग कसं? आम्ही मुलांना चांगलंचुंगलं देतोय ते तुम्हाला का खुपतं?"

कुजबूज सुरू झाली. आणि मागच्या बाकावरून वहिनी उठली. ती आलीय हे ताईला माहीतही नव्हतं. दुकानातून परस्पर आली असावी. उभी राहूनही पुढच्यांना ती नीट दिसत नव्हती, म्हणून बायका वळून वळून बघायला लागल्या.

"ताईंचं मनावर घेऊ नका," वहिनी म्हणाली. "त्या मायाळू आहेत. पण दुसऱ्याची मुलं सांभाळणं वेगळं. त्यांना स्वतःचं मूल नाही. असतं तर असं बोलल्या नसत्या."

त्या दिवशी तिने वन्सं म्हटलं नाही. इतर आयांसारखं ताई म्हटलं.

कंपनीच्या बाईने लगेच सावरून घेतलं. म्हणाली, सगळ्यांच्या मताचा आदर आहे, शेवटी आई ती आई. टाळ्या झाल्या. ताई बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिने बाकावर पडलेला एक खडू उचलला आणि सभा संपेपर्यंत मुठीत धरून ठेवला.

कुणी तिला कामावरून काढलं नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "काही दिवस फाटकाशी मी उभी राहते. तू आत बघ." त्या खुर्ची ओढत फाटकाशी गेल्या. त्यांना मुलांची नावं आठवायची नाहीत, कुणाचा डबा कुणाच्या हातात जायचा. पण पालकांची तक्रार आली नाही.

घरी वहिनी दोन दिवस ताईच्या नजरेला नजर देत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने ताईच्या ताटात जास्तीची भाजी वाढली. तेवढीच माफी. ताईने ती खाल्ली. दादाला सगळं कळलं होतं. तो नळाची गळती काढत बसला, जी मुळात नव्हतीच.

पिटू मात्र बदलत चालली होती. ती वाळूत जाईनाशी झाली, कारण वाळूत पाय रुततात आणि माणूस बुटका होतो असं तिने ठरवलं होतं. चवड्यांवर चालायची. वहिनी तिला रोज सकाळी दाराच्या चौकटीला बसवलेल्या दांड्याला लोंबकळवायची. पिटू दात आवळून लोंबकळायची, हात लाल व्हायचे, आणि खाली उतरली की पहिला प्रश्न: "आत्या, वाढले का?" ताई म्हणायची, "हो गं राणी." पिटू भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणेकडे बघायची आणि म्हणायची, "खोटं."

पुन्हा मोजायचा दिवस आला तेव्हा कंपनीची बाई जणू काही झालंच नाही अशी ताईशी बोलली. "मुलं माझ्यापुढे अंग चोरतात. तुम्ही खाली बसून पाय भिंतीला टेकवून धरा, मी वरून वाचते." ताई खाली बसली. एकेक मूल यायचं, ती घोटे धरायची, वरून रंग ऐकू यायचा. नारिंगी. हिरवा. नारिंगी.

पिटूची पाळी आली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, पोट जड झालं तर डोकं खाली येईल म्हणून. ती भिंतीला टेकून उभी राहिली, डोळे मिटले, आणि ओठ हलवत कसलीतरी प्रार्थना करायला लागली. तिने आधीच अंदाज घेतला होता. तिलाही माहीत होतं की रेघ अजून वरच आहे.

ताईने फार विचार केला नाही. हिरवा मुकुट मिळाला की हे सगळं थांबेल, वहिनी डबा बंद करेल, पोर जेवेल, एवढंच तिच्या मनात होतं. तिने पिटूचे घोटे धरल्यासारखं केलं आणि दोन्ही तळहात तिच्या टाचांखाली सरकवले. पिटू तिच्या हातांवर उभी राहिली. इतकं हलकं मूल, तरी बोटं चेमटली. ताईने हूं की चूं केलं नाही.

"अरे वा," वरून आवाज आला. "हिरवा."

खाली वाकून पाहिलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. कंपनीची बाई वाकली नाही.

तीन-चार दिवस घर आनंदाने भरून गेलं होतं. वहिनीने मुकुट भिंतीवर टांगला. ती ताईच्या गळ्यात पडून रडली. "वन्सं, तुम्ही रागावलात ना माझ्यावर? मी बोलले ते चुकलं. पण बघा ना, पडला की नाही फरक?" ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. आता डबा बंद कर, असं तिने सुचवलं. वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "आता कुठे गुण येतोय. आता बंद करू?"

आठवड्याभरात कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन आली. फाटकाशेजारच्या भिंतीवर मोठा फलक लागला. पिटू, डोक्यावर मुकुट, शेजारी वहिनी, खाली लिहिलेलं: आधी नारिंगी, आता हिरवी. वहिनीला फोटोत खोक्यावर उभं केलं होतं, त्यामुळे ती छान उंच दिसत होती. पुढे कंपनीवाले तिला दुसऱ्या बालवाड्यांतल्या सभांना न्यायला लागले. ती तिथे बोलायची. खरं तेच बोलायची, तिच्या दृष्टीने. म्हणायची, आमच्या घरातच बालवाडीच्या ताई आहेत, त्यांचासुद्धा आधी विश्वास नव्हता. लोक कान देऊन ऐकायचे. दुकानात तिच्याशी असं कुणी कधी वागलं नव्हतं.

एकदा दादा एकटा असताना ताईने त्याला सगळं सांगितलं. तळहातांचं सुद्धा. तो पकडीने एक बोल्ट घट्ट करत होता, तो करतच राहिला.

"आता सांगू नकोस तिला," शेवटी तो म्हणाला. "सांगितलंस तर तिचं काय राहील?"

"आणि पिटूचं?"

त्याने पकड पुन्हा फिरवली. बोल्ट केव्हाच घट्ट झाला होता.

पिटूने मात्र कधी चकार शब्द काढला नाही. ते तिचं आणि आत्याचं गुपित होतं. बालवाडीत ती आता वरच्यांच्या संघात होती आणि खालच्या मुलांना घसरगुंडीच्या पायऱ्यांवरून ढकलायची. ताईने तिला बाजूला घेऊन समज दिली तर ती थंडपणे म्हणाली, "मग तू त्यांच्या पण पायाखाली हात ठेव." तिचा डबा भरलेलाच परत जायचा. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. वहिनी म्हणायची, उंच होताना मुलं अशी सुकतातच.

मोठ्या बाईंच्याने फाटकाशी उभं राहवेना, तेव्हा ताई पुन्हा तिथे गेली. कुणी हरकत घेतली नाही. फलकामुळे तिचा मान वाढला होता. त्या दुपारी सगळ्यात शेवटी एक आई आली, गिरणीत पाळीला जाणारी. केसांना कापसाचे तंतू चिकटलेले. तिची मुलगी वर्गात सगळ्यात लहानखुरी होती आणि सगळ्यात खादाडही. डबा चाटूनपुसून संपवायची, शेजारणीचाही संपवायची. आईच्या हातात कंपनीची पिशवी होती. ती फलकाकडे बघत उभी राहिली.

"ताई, ही तुमच्या घरचीच ना?"

"माझी भाची."

"म्हणजे फलक खरा आहे." ती थोडी थांबली. "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं करते. घेऊ का ही पावडर?"

ताईच्या तोंडाशी शब्द आले होते. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं. मग पिटूचं नाव निघणार, वहिनीचं निघणार, आणि सभेत झालं तेच पुन्हा या बाईच्या डोळ्यांत दिसणार: आमच्या मुलीसाठी नको म्हणता आणि स्वतःच्या घरी देता. फाटकाच्या आत मुलगी आईला आपली नवी उडी दाखवत होती. आई तिच्याकडे बघत नव्हती. ती ताईच्या तोंडाकडे बघत होती.

"घ्या," ताई म्हणाली.

"देऊ ना रोज?"

"हो. द्या."

बाईचा चेहरा मोकळा झाला. तिने मुलीचा हात धरला, पिशवी खांद्याला लावली, आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या. मुलगी वाटेतच पिशवीत हात घालत होती. ताईने फाटक लावून घेतलं आणि चटया झाडायला आत गेली.